रुग्णशुश्रूषा आणि शुश्रूषा करणारीचे आरोग्य

महाराष्ट्रातील कौटुंबिक शुश्रूषेच्या इतिहासात रुग्णाची हकीकत सापडते; त्याच्या उशाशी बसणाऱ्या पत्नीच्या प्रकृतीची क्वचितच. या दृष्टीने रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) हे पुस्तक मोलाचे साधन होय.

रमाबाईंचा विवाह १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी झाला. पती न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे त्यांच्याहून वीस वर्षांनी वडील. अशा विषम विवाहांत उतारवयातील पतीची शुश्रूषा पत्नीच्या वाट्यास येणे जवळजवळ ठरलेलेच असे. डिसेंबर १९०० मधील लाहोरच्या सामाजिक परिषदेस प्रकृतीमुळे न्यायमूर्तींना जाता आले नाही. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईस ते निवर्तले, तेव्हा रमाबाईंना एकोणचाळीसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

पतीमागून जेवणे, त्याच्या दुखण्यात उपास धरणे, रात्री जागून काढणे हा त्या काळचा शिष्टसंमत पत्नीधर्म होता. सावित्रीच्या कथेतही पतीच्या मृत्युदिनापूर्वी त्रिरात्र व्रत आहे. तथापि तीन रात्रींचे व्रत आणि महिनोगणती चालणारे दुखणे यांत मोठे अंतर आहे. ज्या काळात देहास अन्न व झोप यांची अधिक गरज, नेमकी त्याच काळात ती तोडली जात. त्यागाचा गौरव झाला. थकव्याची नोंद झाली नाही.

१९०९ साली पुण्यात सेवासदन स्थापन झाले आणि १९२४ मध्ये निधन होईपर्यंत रमाबाईंनी ते चालविले. तेथील स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळू लागले. शुश्रूषा हे शिकण्याचे काम ठरले, एवढेच त्याचे महत्त्व नाही. परिचारिकेचे काम पाळीने चालते. पाळी संपली की दुसरी येते व पहिली विसावते. घरातील पत्नीला ही पाळी मिळाली नाही.

तो प्रश्न आजही शिल्लक आहे. गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांधसारख्या गावी रुग्णालय गाठले, तरी दीर्घ दुखण्याची सेवा अखेर घरीच होते. २०१० च्या सुमारास सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात कुटुंबीयांना शुश्रूषा शिकविण्याची तरतूद आहे. तिच्या जोडीला शुश्रूषा करणाऱ्याचाही रक्तदाब तपासला जाणे, त्याचे स्वतःचे औषध न चुकणे आणि आठवड्यातून काही रात्री उशाशी दुसरे कोणी बसणे आवश्यक आहे. सेवा करणारा खचला, तर एका घरात दोन रुग्ण होतात. म्हणून स्वतःच्या प्रकृतीची काळजी हा सेवेचाच भाग मानला पाहिजे.