माथेरानची शांतता कोणाच्या खांद्यावर?

निसर्गाच्या कुशीत शरीर आणि मन ताजेतवाने करून देणाऱ्या विश्रामस्थळांच्या जाहिराती आज आपण सर्रास वाचतो. 'पर्यावरणपूरक' हे विशेषण त्यांत हमखास असते. कल्पना अगदी नवी आहे, असा आपला समज होतो. पण मुंबईपासून शंभर किलोमीटरच्या आत अशी एक वस्ती पावणेदोनशे वर्षांपासून नांदते आहे. ती म्हणजे माथेरान.

मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट चौक गावाच्या बाजूने हा डोंगर चढले आणि पुढे त्यांनी तिथे घर बांधले. यालाच आपण माथेरानचा 'शोध' म्हणतो. ठाकूर, कातकरी आणि धनगर या डोंगराच्या अंगाखांद्यावर आधीपासून वावरत होते. माथ्यावरचे रान ते माथेरान, हे नावही आपल्या बोलीतलेच. तेव्हा शोध लागला तो साहेबाला, एवढेच म्हणावे.

साहेबाला डोंगर हवा होता तो केवळ हौसेसाठी नव्हे. हिवताप डासामुळे पसरतो, हे रोनाल्ड रॉस यांनी दाखवले ते १८९७ साली. तोपर्यंत दलदलीतून उठणारी दूषित हवाच तापाचे मूळ मानली जाई. साहजिकच सुमारे २६०० फुटांवरची थंड हवा हे औषधच ठरले. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी १८५० च्या दशकात या ठिकाणाला उत्तेजन दिले आणि बंगले उभे राहू लागले.

वस्तीची रचना पाहिली की मला तिचे कौतुक वाटते. रुंद व्हरांडे, उतरती छपरे आणि भोवती जांभूळ, अंजनीची झाडी. घर झाडांत दडलेले, झाडे घरासाठी हटवलेली नव्हेत. माथ्यावर जांभ्या दगडाचा थर आहे. तो सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी मुरवतो. वाटाही त्याच तांबड्या मातीच्या. पिण्याच्या पाण्यासाठी शार्लोट तलाव बांधला गेला.

मग आली आगगाडी. सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने सुमारे १६ लाख रुपये खर्चून नेरळ-माथेरान रेल्वे उभारली. अवघ्या दोन फूट रुंदीच्या रुळांवरून ती १९०७ साली सुरू झाली. डोंगर फोडत सरळ जाण्याऐवजी तिचा मार्ग वळणे घेत, उताराच्या कलाने वर चढतो. एकवीस किलोमीटरच्या या वाटेत बोगदा एकच. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला आणि २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला.

मोटारींना मात्र माथेरानने आत घेतले नाही. त्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१४ चौरस किलोमीटरचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. झाडी वाचली, शांतता वाचली. इथवरची कथा अभिमानाने सांगावी अशीच आहे.

पण मोटार नाही म्हणजे ओझे नाही, असे थोडेच आहे? सिलिंडर, भाजी, सामानसुमान आणि पर्यटक हे सारे वर जायचेच. त्यासाठी घोडे होते, डोक्यावर बोजा वाहणारी माणसे होती आणि हातरिक्षा होत्या. एक जण पुढून ओढणार, मागून दोघे रेटणार आणि गादीवर बसलेला पाहुणा शुद्ध हवा छातीत भरून घेणार! त्याला विश्रांती मिळे ती ओढणाऱ्याच्या दमछाकीवर. घोड्यांच्या टापांनी मातीही सैल होते आणि पावसात वाहून जाते, हा हिशेबही वेगळाच.

डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयाच्या परवानगीने तिथे ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षाची प्रथा अमानवी ठरवली, ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि रिक्षा ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा आदेश दिला. दस्तुरी नाक्यापासून गावातील शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक घालण्यास परवानगी दिली, आतल्या वाटा मात्र त्यातून वगळल्या.

या निकालात मला विश्रामस्थळाच्या रचनेचाच एक धडा दिसतो. आराखडा काढणारे झाडे मोजतात, झरे मोजतात, उतार मोजतात. ते मोजायलाच हवे. पण पाण्याचा हंडा, पाहुण्याची बॅग आणि रात्रीचा कचरा कोण वाहणार, कोणत्या वाटेने, किती मजुरीवर आणि तो माणूस राहणार कुठे, हेही त्याच कागदावर आले पाहिजे. माथेरानच्या आराखड्यात ही ओळ सुरुवातीपासून कोरीच राहिली होती. आज सह्याद्रीत जागा पाहत फिरणाऱ्यांनी निदान ती आधी भरावी.