सरखेलांच्या घराण्याचा माग

ठाणे-कल्याणच्या खाडीकाठच्या गावांत जुन्या माणसांशी बोलत बसलात, तर एखाद्या ओसरीवर हे वाक्य कानी पडते : “आमच्यातले कोणीतरी आरमारात होते हो!” कोणीतरी म्हणजे कोण? पणजोबा, की पणजोबांचेही पणजोबा? कोणाच्या आरमारात? महाराजांच्या, आंग्र्यांच्या, की पेशव्यांच्या? गलबतावर तांडेल होते की वल्हे मारणारे खलाशी? एवढे विचारले की बहुधा गोष्ट संपते. सांगणारा हसतो आणि चहा मागवतो.

यात त्या माणसाचा दोष नाही. जमिनीवर नांदलेल्या पूर्वजाचा माग जमीनच राखून ठेवते. त्याच्या नावाचे शेत असते, वतन असते, बांधावरून झालेले भांडण असते आणि त्या भांडणाचे कागद असतात. समुद्रावर बांध घालता येत नाही. गलबत बुडाले, जळाले किंवा मोडीत निघाले की त्यावरच्या माणसाचा पत्ताही त्याबरोबर गेला. मग दर्यावर्दी पूर्वज शोधायचा कसा? पुष्कळसा माग लागलेले एक घराणे घेऊन हे पाहू. ते घराणे म्हणजे कुलाब्याचे सरखेल आंग्रे.

पहिली अडचण आडनावाची. आंग्र्यांचे मूळ आडनाव आंग्रे नव्हेच, ते संकपाळ. पुणे जिल्ह्यातील काळोसे गावाजवळची आंगरवाडी हे त्यांचे ठिकाण, आणि वाडीवरून ते आंग्रे झाले. विजयदुर्गचे धुळप घ्या. पेशव्यांच्या आरमाराचे हे सुभेदार मूळचे मोरे, जावळीच्या चंद्रराव मोऱ्यांपैकी, असे त्यांचा घरचा इतिहास सांगतो. तेव्हा आजच्या आडनावाचा धागा धरून तुम्ही मागे जाऊ लागलात, तर दोनतीन पिढ्यांत तो तुटण्याचा संभव फार. आडनाव बदलते, पण मूळ गाव, कुलदैवत आणि देवक ही सहसा बदलत नाहीत. शोध तेथून धरावा. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही यात्रेकरूचे नाव गावावरून आणि कुळावरून लावलेले असते.

आता आपल्या भागाकडे या. १६५७च्या ऑक्टोबरात शिवाजीमहाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, आणि पुढच्या एकदोन वर्षांतच येथे लढाऊ जहाजे बांधण्याचे काम सुरू झाले. हे आपल्याला कळते कोणाकडून? पोर्तुगीजांकडून! १६५९ सालच्या त्यांच्या कागदांत काळजीच्या सुरात नोंद आहे की, शहाजीच्या मुलाने वसई आणि चौलकडचा मुलूख घेतला असून भिवंडी, कल्याण आणि पनवेल येथे तो लढाऊ तारवे बांधीत आहे. रुई लैतांव व्हिएगस नावाचा एक पोर्तुगीज महाराजांच्या या कामावर होता. त्याच्या हाताखाली तीनशेवर माणसे होती. वसईच्या पोर्तुगीज कप्तानाने त्याला धर्माची आठवण देऊन फितवले, आणि तो आपल्या माणसांनिशी गुपचूप निघून गेला.

पोर्तुगीजांना एवढी धास्ती का वाटावी, हे नकाशा पुढे घेतला की समजते. शिक्षकांनी हा नकाशा मुलांकडून जरूर काढून घ्यावा. उल्हास नदी कल्याणच्या दुर्गाडीखालून वाहत पश्चिमेकडे येते. डोंबिवलीहून ठाण्याकडे जाताना मुंब्र्यापाशी लोकलच्या खिडकीतून दिसते तीच ही खाडी. ठाण्याच्या वरच्या अंगाला तिला दोन वाटा फुटतात. मोठी घोडबंदरावरून वसईस जाते, आणि अरुंद वाट ठाण्यावरून मुंबईच्या बंदरात उतरते. त्या काळी वसई पोर्तुगीजांची, ठाणे पोर्तुगीजांचे, मुंबईही त्यांचीच. कल्याणात बांधलेले जहाज समुद्रात न्यायचे तर दोन्हीकडे दार त्यांच्या हाती. तरी जहाजे बांधली गेली, आणि मराठ्यांचे आरमार उभे राहिले. व्हिएगस गेल्यावर कामावर कोण राहिले असतील? येथलेच सुतार, लोहार, कोळी आणि भंडारी. त्यांची नावे पोर्तुगीजाने लिहिली नाहीत. त्याला आपल्या पळून आलेल्या माणसाची तेवढी काळजी होती.

या आरमाराच्या चाकरीत कान्होजीचा बाप तुकोजी होता. सुवर्णदुर्गावर त्याच्या हाताखाली दोनशे माणसे होती असे सांगतात. कान्होजीच्या उदयाची कथाही त्याच किल्ल्यावरची. किल्लेदार शत्रूला मिळण्याच्या बेतात असताना या तरुणाने शिबंदी आपल्याकडे वळवली आणि किल्ला राखला, अशी ती कथा. कथा घराण्याने सांगितलेली, म्हणून तिला थोडे मीठ-मसाला लागला असणारच. पण पुढची पायरी पक्की आहे. सिधोजी गुजरामागून, १६९८च्या सुमारास, कान्होजी सरखेल झाला. सर म्हणजे मुख्य आणि खेल म्हणजे जमाव. हा शब्द फारसी आहे, आपल्याकडे तो आरमाराच्या मुख्याचा किताब होऊन बसला.

कान्होजी आधी ताराबाईंच्या पक्षात होता. १७१३ साली त्याने शाहूमहाराजांचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केले. तेव्हा बाळाजी विश्वनाथाने मध्ये पडून समेट घडवला. या समेटाने दहा मोठे किल्ले आणि सोळा लहान ठाणी कान्होजीकडे राहिली, आणि तो शाहूमहाराजांचा सरखेल म्हणून नांदू लागला. हा तह नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचा सारा वाद त्यावर उभा आहे.

इंग्रज त्याला चाचा म्हणत. १९०७ साली बिडल्फ नावाच्या इंग्रजाने या काळावर पुस्तक लिहिले, त्याचे नावच मुळी ‘मलबारचे चाचे’ अशा अर्थाचे आहे. काही जुन्या इंग्रजी लेखनात तर आंग्र्यांचे मूळ इराणच्या आखातात नेऊन ठेवलेले आढळते! शत्रूच्या कागदावर घराण्याची वंशावळ लिहिली तर काय होते, त्याचा हा नमुना. पण तेच कागद टाकून दिले तर कान्होजीच्या आयुष्यातील निम्म्या तारखा हातच्या जातील. १७१२च्या नोव्हेंबरात त्याने मुंबईच्या गव्हर्नराचे सशस्त्र जहाज पकडले. जहाजावरील चाऊन नावाचा कंपनीचा अधिकारी लढाईत मेला, आणि त्याची तरुण बायको कैद झाली. १७१३च्या फेब्रुवारीत तीस हजार रुपये घेऊन तिला सोडले. तारीख, रक्कम, माणसे, सारे इंग्रजांनी टिपून ठेवले आहे. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवीत परत गेले, तेही त्यांच्याच दप्तरातून सविस्तर कळते. मार खाल्लेला माणूस हिशेब बारकाईने लिहितो, तसे आहे हे.

मग चाचा की सरखेल? माझ्या मते हा प्रश्न दस्तकाशी येऊन थांबतो. दस्तक म्हणजे समुद्रात फिरण्याचा परवाना. छत्रपतींच्या वतीने या किनाऱ्याचा धनी मी, तेव्हा माझे दस्तक घेतल्यावाचून कोणी जाऊ नये, हे कान्होजीचे म्हणणे. जो व्यापारी दस्तक घेई त्याला तो हात लावीत नसे. इंग्रजांचे म्हणणे, आमचे दस्तक असलेल्या कोणाच्याही जहाजाला सोडले पाहिजे. या किनाऱ्यावर इंग्रजांना तो अधिकार कोणी दिला होता? गव्हर्नर फिप्सशी १७२४ साली झालेल्या पत्रव्यवहारात कान्होजीने जवळजवळ हेच उलट सुनावले : दुसऱ्याचे घेण्याची हाव व्यापाऱ्यांनाही सुटलेली नाही. त्याची माणसे सज्जन होती असे मी म्हणत नाही. समुद्रावरची लूट ही लूटच, आणि पकडलेल्या गरीब खलाशाला तिचे समर्थन ऐकून काय समाधान वाटणार? पण राजाच्या सनदेने किल्ले राखणाऱ्या माणसाला चोरांत बसवणे खोटे आहे.

घरच्यांचा आवाज ऐकायचा तर तिसरीकडे जावे लागते. धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी हे आंग्र्यांचे गुरू. कान्होजी, त्याची मुले आणि घरची मंडळी त्यांना पत्रे लिहीत. ती स्वामींच्या दप्तरात राहिली आणि पुढे पारसनिसांनी छापली. तेव्हा तुमच्या घरी कागद नसला तर गुरूच्या, सावकाराच्या, उपाध्यायाच्या घरी पाहा.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारला. मागे सहा मुलगे. थोरला सेखोजी १७३३ साली गेला, आणि संभाजी व मानाजी यांचे वैर पेटले. १७३५ साली पेशव्यांनी घर दोन ठिकाणी तोडले : मानाजी कुलाब्यास, आणि संभाजी सरखेल म्हणून दक्षिणेकडे, सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाच्या बाजूस. भाऊबंदकीचा हा निवाडा पेशव्यांना सोयीचा होता, यात शंका नाही. संभाजीमागून आला तुळाजी. हा कर्तबगार, तितकाच हट्टी. पेशव्यांना जुमानीना, शेजाऱ्यांना सुखाने राहू देईना. अखेर नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी करार केला.

हा करार ठरवण्यात मुख्य माणूस कोण? कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर. त्यांचे ठिकाण कल्याण; तेथला सुभेदारवाडा त्यांचाच. १७५५ साली सुवर्णदुर्ग पडला. १७५६च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच पकडलेल्या ‘रिस्टोरेशन’ जहाजावर पेटता गोळा पडला, आणि तेथून पसरलेल्या आगीत खाडीतले जवळजवळ सारे आरमार जळाले. तुळाजी आधीच रामाजीपंतांच्या छावणीत बोलणी करायला गेला होता. तो पुढे पेशव्यांच्या कैदेतच मेला. किल्ल्यातील सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली, पेशव्यांना त्यातले काही मिळाले नाही.

ज्या कल्याणच्या खाडीत शंभर वर्षांपूर्वी आरमाराची पहिली जहाजे बांधली, त्याच कल्याणच्या सुभेदाराने आरमाराचा सर्वांत बलवान भाग मोडण्याची तजवीज केली. तुळाजीला आवरणे भाग होते हे मान्य. पण घरातला मुजोर भाऊ आवरण्यासाठी शेजारचा दरोडेखोर बोलावला, त्याला काय म्हणावे? पेशव्यांचे आरमार त्यानंतरही राहिले. आनंदराव धुळपाने १७८३च्या एप्रिलात इंग्रजांचे ‘रेंजर’ पकडले. तरी मुंबईकरांची आंग्र्यांविषयीची जुनी दहशत गेली ती गेलीच.

कुलाब्याची शाखा पुढे चालली. १८३८ साली दुसरा रघोजी वारला, त्याच्यामागून जन्मलेला मुलगाही वर्षभरात गेला, दत्तक नामंजूर झाला आणि संस्थान खालसा झाले. एक शाखा ग्वाल्हेरास शिंद्यांच्या सरदारांत नांदली. १९५१ साली मुंबईच्या नाविक तळाला ‘आंग्रे’ हे नाव दिले गेले.

हे सारे सरखेलांचे झाले. गलबतावर चाळीस-पन्नास वल्ही असत, ती मारणाऱ्यांचे काय? १७७४च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला, तेव्हा त्यांचा कमोडोर वॉटसन (हा वेगळा, विजयदुर्गाचा नव्हे) जखमी होऊन मेला. त्याचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत आहे. किल्ल्याच्या आत मेलेल्या मराठी शिबंदीची नावे त्या पुस्तकांत नाहीत. ती सापडलीच तर मोडी कागदांत : पुण्याच्या पेशवे दप्तरात, किल्ल्यांच्या जमाखर्चात, हजेरीच्या यादीत, किंवा जखमी झालेल्याला आणि मेलेल्याच्या बायकोमुलांना दिलेल्या नेमणुकीच्या नोंदीत. १८५२ नंतर इनाम कमिशनाने इनामदारांकडून कैफियती आणि वंशावळी मागवल्या, त्यांतही आरमारी चाकरीबद्दल मिळालेल्या जमिनींचे दाखले असू शकतात.

तेव्हा ओसरीवरचा म्हातारा “आमच्यातले कोणीतरी आरमारात होते” असे पुन्हा म्हणाला, तर त्याला तीन गोष्टी विचारा आणि वहीत लिहून घ्या. मूळ गाव कोणते? देवक कोणते? इनाम किंवा नेमणूक कोणत्या किल्ल्याकडून होती? आणि माळ्यावर मोडी कागदांचा रुमाल असेल, तर तो उन्हात न टाकता सावलीत उघडून मोडी वाचणाऱ्याला दाखवा. पावसाळ्यात ही कामे करू नका, वाळवी लागलेला कागद तेव्हा हातातच विरघळतो.