रात्री पट्टी का काढायची?

हृदयशूळाच्या रुग्णाला छातीवर चिकटवायची नायट्रोग्लिसरिनची पट्टी देताना डॉक्टर बजावतात, "सकाळी लावा, झोपताना काढा." घरच्यांना हे पटत नाही. हृदयाचं औषध रात्रभर अंगावर असलेलं बरं, असंच कुणालाही वाटेल. या रोजच्या सुट्टीचं मूळ मात्र स्फोटकांच्या कारखान्यांत आहे.

1847 साली इटलीतल्या तुरिनमध्ये आस्कानिओ सोब्रेरो याने नायट्रोग्लिसरिन बनवलं. जिभेला लागलेल्या किंचित अंशानेही त्याचं डोकं ठणकलं. 1867 मध्ये आल्फ्रेड नोबेलने त्यापासून बनवलेल्या डायनामाइटचं पेटंट घेतलं आणि हे द्रव्य कातडीतून, श्वासातून कामगारांच्या अंगात जाऊ लागलं. 1879 मध्ये लंडनच्या विल्यम मरेल या डॉक्टराने आधी स्वतःवर प्रयोग करून ते हृदयशूळावर दिलं. ठणका आणि उतारा, दोन्ही एकाच क्रियेची फळं. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले अनैच्छिक स्नायू सैलावतात. डोक्यातल्या वाहिन्या रुंदावल्या की कपाळ ठणकतं, आणि हृदयावरचा भार हलका झाला की छातीतली कळ ओसरते.

कारखान्यात नव्याने आलेल्या माणसाचं डोकं पहिले काही दिवस फुटायला यायचं, मग दुखणं आपोआप थांबायचं. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी पुन्हा तेच. या दुखण्याला नावच पडलं, सोमवारची डोकेदुखी. कामगारांनी त्यावर तोडही काढली. सुट्टीच्या दिवशी ते टोपीच्या पट्ट्यात थोडं नायट्रोग्लिसरिन लावून ठेवत, म्हणजे सवय मोडत नसे. सततच्या माऱ्याने स्नायू बधिर होतात आणि दीड-दोन दिवसांच्या खंडाने पुन्हा जागे होतात, हे औषधशास्त्राचं सूत्र या माणसांनी स्वतःच्या कपाळावर शिकून घेतलं होतं. त्यांची नावं कुठे नोंदलेली नाहीत, याची मला खंत वाटते.

सवय मोडण्याची दुसरी बाजू भयंकर होती. 1972 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दारूगोळा कारखान्यातल्या कामगारांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांना छातीत कळा यायच्या त्या कामावर नसताना, सुट्टीत. नायट्रोग्लिसरिनमुळे येणाऱ्या सैलपणाला तोंड देत राहिलेल्या वाहिन्या ते बंद होताच आवळल्या जात.

तरीही 1980च्या दशकात चोवीस तास औषध झिरपवणाऱ्या पट्ट्या बाजारात आल्या तेव्हा कारखान्यांतला हा धडा फारसा कुणाच्या लक्षात राहिला नव्हता. पट्टी चोवीस तास ठेवली की दिवसभरातच तिचा गुण ओसरू लागे. मात्रा वाढवून भागेना. शेवटी रोज दहा-बारा तास पट्टी काढून ठेवण्याची रीत पडली, आणि गुण परत आला.

आत काय घडतं, हे टप्प्याटप्प्याने उलगडलं. 1977 मध्ये फरीद मुराद यांनी दाखवलं की नायट्रोग्लिसरिनमधून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो आणि तोच पुढे स्नायूला सैल करतो. हा वायू सोडवण्याचं काम पेशींच्या तंतुकणिकांमधलं एक विकर करतं, हे 2002 साली पुढे आलं. मद्याच्या विघटनातून तयार होणाऱ्या विषारी ॲसिटाल्डिहाइडचा निचरा करणारं विकर ते हेच! नायट्रोग्लिसरिनवर काम करता करता ते निकामी होत जातं. औषध रक्तात असतं, पण त्यातून वायू सोडवणारंच कुणी उरत नाही. शिवाय शरीर पाणी धरून ठेवतं, वाहिन्या आवळणारी संप्रेरकं वाढवतं. मध्ये विसावा मिळाला की हे सारं हळूहळू पूर्ववत होतं. नायट्रोग्लिसरिनच्या जिभेखाली ठेवायच्या गोळीचा परिणाम थोडाच वेळ टिकतो, म्हणून अधूनमधून घेतलेल्या गोळीची अशी सवय सहसा लागत नाही.

ज्यांना रात्रीच कळ येते, त्यांच्यासाठी डॉक्टर ही सुट्टी दिवसा ठेवतात. तेव्हा घरात कुणाला पट्टी दिली असेल, तर सांगितलेली वेळ काटेकोर पाळा. काळजीपोटी ती जास्त तास ठेवू नका, आणि बरं वाटतंय म्हणून डॉक्टरांना न विचारता एकाएकी बंदही करू नका.