बीडीएसला जायचे असेल तर अकरावीत जीवशास्त्र सोडू नका

दंतवैद्यकाच्या बीडीएस प्रवेशासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतेच. गणित नसले तरी चालते. घोटाळा होतो तो अकरावीचा अर्ज भरताना. द्विलक्षीच्या इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणकशास्त्राचे २०० गुण दिसतात आणि त्या नादात जीवशास्त्र सुटते. वस्तीत काम करताना अशी मुले भेटतात. दोष त्यांचा नाही; घरातून विज्ञान शाखेला गेलेली तीच पहिली, सांगणार कोण? नीटच्या ७२० पैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे आहेत. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला बारावीत तिन्ही विज्ञान विषय मिळून किमान ४० टक्के हवेत. राखीव जागेसाठी जात पडताळणीचे प्रमाणपत्रही लागते. त्याचा अर्ज महाविद्यालयामार्फत अकरावीतच टाका. निकालानंतर धावपळ नको.