त्रेचाळीस वर्षं आणि एक आठवडा

आयर्लंडमधल्या 'अल्स्टरच्या शकावली'त इ.स. ९०० खाली एका राजाच्या मृत्यूची नोंद आहे. डोनाल्ड, कॉन्स्टंटाइनचा मुलगा, अल्बाचा राजा. एवढंच. पण त्याच्या काकाची, एडची, ८७८ मधली नोंद काढून पाहिली तर तिथे 'पिक्टांचा राजा' असं आहे. घराणं तेच, मुलूख साधारण तोच, मधल्या बावीस वर्षांत देशाचं नाव बदललं. का बदललं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

डोनाल्डनंतर गादीवर आला त्याचा चुलतभाऊ, या एडचा मुलगा, दुसरा कॉन्स्टंटाइन. बापाला त्याच्याच माणसांनी मारलेलं होतं. अशा घरातला हा माणूस ९४३ पर्यंत, म्हणजे त्रेचाळीस वर्षं, राज्य करतो आणि नंतर स्वतःहून (किंवा तसं सांगितलं जातं) गादी सोडतो. एवढं सगळं ज्यात सांगितलंय तो मायदेशातला मजकूर मात्र छापील पानभरही नाही.

हा मजकूर म्हणजे 'अल्बाच्या राजांचा वृत्तान्त'. वृत्तान्त कसला, टिपणंच. अमक्या वर्षी हे झालं, तमक्या वर्षी तो मेला. जेधे शकावली चाळलेल्यांना हा कोरडेपणा ओळखीचा वाटेल. त्याची एकमेव प्रत १४व्या शतकात यॉर्कमध्ये केलेल्या एका हस्तलिखितात सापडते, आणि ते हस्तलिखित आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. स्कॉटलंडच्या जन्माचा दाखला, इंग्लंडात नकललेला आणि फ्रान्सात ठेवलेला.

माझा पोटापाण्याचा धंदा सॉफ्टवेअरचा. रात्री सिस्टीम कोसळली की सकाळी तीन-चार सर्व्हरचे लॉग शेजारी शेजारी लावून बसायचं, हे त्यातलं नेहमीचं काम. प्रत्येकाचं घड्याळ थोडं पुढेमागे असतं, आणि लॉगमध्ये तेवढंच सापडतं जेवढं लिहायची तजवीज कुणीतरी आधी केलेली असते. कॉन्स्टंटाइनची कारकीर्द वाचायची दुसरी रीत मला तरी सुचत नाही. घरचा वृत्तान्त, आयरिश शकावली आणि इंग्रजांचं 'अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल', तिन्ही समोर ठेवायची.

सुरुवातीला घड्याळं छान जुळतात. कारकिर्दीच्या तिसऱ्या वर्षी नॉर्समनांनी डन्केल्ड लुटलं आणि सगळ्या अल्बाची धूळधाण केली. पुढच्या वर्षी स्ट्रॅथअर्नमध्ये ते कापले गेले, असं वृत्तान्त म्हणतो. आयरिश शकावलीत ९०४ साली ईवारचा नातू ईवार त्याच भागातल्या लोकांच्या हातून मेल्याची नोंद आहे. सहाव्या वर्षी राजा आणि बिशप केलाख यांनी स्कूनजवळच्या टेकडीवर (लिहितात 'स्कोन', म्हणतात 'स्कून') श्रद्धेचे नियम आणि चर्चचे हक्क पाळायची शपथ घेतली. त्या दिवसापासून तिला श्रद्धेची टेकडी म्हणतात, असंही लेखक सांगतो. एवढ्याशा मजकुरात या शपथेला इतकी जागा मिळाली, त्यावरून तो लिहिणारा कुठल्या गोटातला असेल याचा अंदाज येतो.

९१८ मध्ये टाइन नदीकाठी नॉर्स सरदार रॅग्नलशी लढाई झाली. वृत्तान्त एका वाक्यात आटोपतो: स्कॉट जिंकले. आयरिश शकावली मात्र कधी नव्हे ती सविस्तर बोलते. रॅग्नलच्या सैन्याच्या चार तुकड्या होत्या. अल्बाच्या लोकांनी तीन मोडल्या. चौथी दबा धरून बसली होती, ती पाठीमागून तुटून पडली आणि मोठी कत्तल झाली. पण अल्बाचा राजा किंवा मोठा सरदार पडला नाही, आणि रात्र झाली म्हणून लढाई थांबली. याला विजय म्हणायचं असेल तर म्हणावं.

मग दक्षिणेत अथेल्स्टन उभा राहतो, आणि इथून घरचा लॉग चक्क गप्प होतो. १२ जुलै ९२७ रोजी ऐमाँट इथे कॉन्स्टंटाइनने इतर राजांबरोबर अथेल्स्टनशी शपथेवर तह केला. वृत्तान्तात नाही. ९३४ मध्ये अथेल्स्टन फौज आणि आरमार घेऊन उत्तरेत घुसला. फौज डनॉटरपर्यंत, जहाजं थेट केथनेसपर्यंत. तेही नाही. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला बकिंगहॅमला दिलेल्या एका दानपत्रावर साक्षीदारांत कॉन्स्टंटाइनचं नाव आहे, आणि पुढे पदवी 'सुब्रेगुलुस', म्हणजे मांडलिक छोटा राजा. चौतीस वर्षं राज्य केलेल्या माणसाला परक्या दरबारात उभं राहून या पदवीखाली साक्ष द्यावी लागली. मला सगळ्या कारकिर्दीत हा एक शब्द सर्वांत जड वाटतो. कुठल्याही इतिहासकाराने तो लिहिलेला नाही. तो जमिनीच्या व्यवहाराच्या कागदावर, कारकुनाच्या हातून आलाय.

तीन वर्षांनी, ९३७ मध्ये, ब्रुनानबुर्ह. डब्लिनचा ओलाफ, स्ट्रॅथक्लाइडचे लोक आणि कॉन्स्टंटाइन एका बाजूला, अथेल्स्टन दुसऱ्या. बाप ८७८ मध्ये मेला त्याअर्थी कॉन्स्टंटाइन तेव्हा निदान अठ्ठावन्नचा असणार. ती जागा नेमकी कुठली यावर आजही वाद चालू आहे, त्यात मी पडत नाही. इंग्रजांच्या क्रॉनिकलने या वर्षी गद्य सोडून कविताच घातली. तिच्यात पांढऱ्या केसांचा म्हातारा मुलाला रणात टाकून पळाला म्हणून मनसोक्त टोमणे आहेत. आयरिश शकावली दोन्हीकडच्या मेलेल्यांबद्दल हळहळते, अथेल्स्टनचा मोठा विजय मान्य करते, ओलाफ निसटल्याचं सांगते. कॉन्स्टंटाइनचं नाव तिच्यात नाहीच.

आणि घरचा वृत्तान्त? चौतिसाव्या वर्षी लढाई झाली, तिथे कॉन्स्टंटाइनचा मुलगा पडला. बस. वर्ष तीनेकने चुकलंय. कोण जिंकलं ते लिहिलेलं नाही, मुलाचं नावही नाही. हा पराभव लपवण्याचा प्रकार आहे असं सहज म्हणता येईल. मला तसं वाटत नाही. लपवायचंच असतं तर मुलगाही गाळता आला असता. टाइनकाठच्या अर्ध्यामुर्ध्या लढाईला विजय म्हणणाऱ्या लेखकाला इथे निकालापेक्षा मुलगा नोंदवण्यासारखा वाटला, आणि टोमण्यांशिवाय त्याची आठवण ठेवणारं या तिघांत तेच एक ठिकाण आहे.

अथेल्स्टन ९३९ मध्ये गेला. अल्बा राहिलं. ९४३ च्या सुमारास कॉन्स्टंटाइनने म्हातारपणी गादी डोनाल्डच्या मुलाला, माल्कमला दिली आणि हातात दंड घेऊन देवाच्या सेवेत गेला. सेंट अँड्र्यूजला तो मठाधिपती झाला असं नंतरच्या राजावळ्या सांगतात. त्याने गादी मनापासून सोडली की पुतण्याला वाट पाहून कंटाळा आला होता, याचा निकाल या कागदांवर लागणार नाही.

पण वृत्तान्तात पुढे, माल्कमच्या कारकिर्दीत, एक विलक्षण नोंद आहे. सातव्या वर्षी माल्कमने टीस नदीपर्यंत इंग्रजांचा मुलूख लुटला, माणसं आणि गुरांचे कळप पळवून आणले. आणि मग हा एरवी कोरडा लेखक थांबून म्हणतो, काहीजण वेगळंच सांगतात: ही लूट कॉन्स्टंटाइनने केली, त्याने माल्कमकडे राज्य एका आठवड्यापुरतं परत मागितलं होतं, इंग्रजांना भेटून यायला. 'भेटून यायला' हे माझं नाही, मूळ लॅटिनमध्येच तसं आहे. शेवटी काही असो, चिथावणी कॉन्स्टंटाइनचीच होती, असं सांगून लेखक विषय मिटवतो.

तेव्हा तो सत्तरीला आलेला किंवा ओलांडलेला मठातला म्हातारा. तीनेक वर्षांनी, ९५२ मध्ये, तो वारला.