दिग्बोई ते बागजान : तेलाखालच्या मातीचा इतिहास

आसामातील दिग्बोई येथे १८८९ साली तेलविहीर खोदण्यास प्रारंभ झाला. ६६२ फूट खोलीची ती विहीर पुढच्या वर्षी पूर्ण झाली. १९०१ मध्ये तेथे उभा राहिलेला तेलशुद्धीकरण कारखाना आजही चालू आहे. भारतीय तेलउद्योगाचा इतिहास सहसा येथून सांगितला जातो. त्यात किती पिंपे तेल निघाले याची मोजदाद असते. ज्या जमिनीतून ते निघाले, तिचे काय झाले हे क्वचितच असते.

मातीच्या कणांमधील पोकळ्यांतून हवा आणि पाणी खेळते. सांडलेल्या तेलाचा पातळ थर कणांवर बसला, की पाणी त्या कणांना ओलावू शकत नाही. थेंब आत झिरपण्याऐवजी वरच साचून राहतो. तेलावर जगणारे सूक्ष्मजीव मातीतील प्राणवायू आणि नायट्रोजन संपवू लागतात आणि पिकाच्या वाट्याला दोन्ही कमी येतात. तेलाबरोबर वर येणारे खारे पाणी क्षारांची भर घालते.

इंधन जाळल्यानेही माती सुटत नाही. अर्धवट ज्वलनातून निघणारी बहुचक्रीय हायड्रोकार्बन संयुगे काजळीबरोबर जमिनीवर उतरतात आणि सेंद्रिय अंशाला चिकटून वर्षानुवर्षे टिकतात. त्यांपैकी काही कर्करोगकारक आहेत. पेट्रोलमधील शिशाची गोष्ट त्याहून कठीण. २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आले; परंतु त्याआधी रस्त्यांकडेच्या मातीत बसलेले शिसे तेथेच राहिले. हायड्रोकार्बनचा रेणू तोडता येतो. शिसे हे मूलद्रव्य आहे. त्याचे विघटन कोणताही जिवाणू करू शकत नाही.

रेणू तोडण्याच्या या कामात भारतीय वैज्ञानिकांचा वाटा मोठा आहे. बंगालमध्ये जन्मलेले आनंद मोहन चक्रवर्ती यांनी अमेरिकेत तेलातील अनेक घटक पचवू शकणारा स्यूडोमोनास जिवाणू घडवला. १९८० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याचे पेटंट ग्राह्य धरले. पुढे दिल्लीच्या ‘टेरी’ संस्थेने निसर्गातच आढळणाऱ्या जिवाणूंचा समूह निवडून ‘ऑइलझॅपर’ तयार केले. मक्याच्या कणसांच्या भुकटीवर बसवलेले हे जिवाणू तेलगाळाने माखलेल्या जमिनीत मिसळले जातात. मात्र त्यांनाही ओलावा, हवा, पोषकद्रव्ये आणि वेळ लागतो.

त्या वेळेची किंमत २०२० साली पुन्हा दिसली. २७ मे रोजी तिनसुकिया जिल्ह्यातील बागजान येथे पाच क्रमांकाच्या विहिरीतून वायूचा स्फोटक उद्रेक झाला. ९ जूनला आग लागली आणि दोन अग्निशमन कर्मचाऱ्यांचा मृत्यू झाला. विहीर पूर्णपणे नियंत्रणात यायला नोव्हेंबर उजाडला. वायूबरोबर उडालेले तेलकट द्रव शेतांवर, चहाच्या मळ्यांवर आणि शेजारच्या मागुरी-मोटापुंग पाणथळीवर पसरले. हजारो लोकांना घरे सोडावी लागली.

भारतात पाण्यासाठी १९७४ मध्ये, हवेसाठी १९८१ मध्ये प्रदूषणविरोधी कायदा झाला. दूषित जागा शोधणे, त्यांची तपासणी करणे आणि प्रदूषकाच्या खर्चाने त्या स्वच्छ करणे यासाठीचे स्वतंत्र नियम २०२५ मध्ये आले.

माती शुद्ध झाली हे ठरवायचे, तर ती आधी कशी होती हे माहीत असावे लागते. १८८९ साली अशा मोजणीची साधने नव्हती. आज आहेत, म्हणून पुढच्या प्रत्येक विहिरीची पहिली नोंद तेलाची नव्हे, मातीची असली पाहिजे.