डेमोगॉर्गन : एका लेखनदोषाची दैवतकथा

प्राचीन ग्रीसमध्ये डेमोगॉर्गनचे देऊळ नव्हते, मूर्ती नव्हती, उत्सवही नव्हता. ग्रीक दैवतमंडळात हे नावच सापडत नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिकाखेळाच्या कल्पित विश्वात मात्र तो दैत्यांचा अधिपती आहे आणि त्याच्या नावाचा गुप्त पंथही आहे. कधीच न पुजलेल्या देवाला पंथ कसा लाभला, हा वाङ्मयेतिहासाने विचारावा असाच प्रश्न आहे.

याचे मूळ एका टीकाग्रंथात आहे. स्टेशियस या रोमन कवीने पहिल्या शतकाच्या अखेरीस ‘थीबेइड’ हे महाकाव्य रचले. त्यात मृतात्म्यांना आवाहन करताना अंध द्रष्टा टायरेसियस एका परमशक्तीचा निर्देश करतो. पण तिला जाणणेही निषिद्ध असल्याने नाव घेत नाही. लॅक्टँशियस प्लॅसिडस या टीकाकाराच्या नावावर असलेल्या भाष्याने ही रिकामी जागा भरली. तेथे मूळ शब्द ‘डेमिअर्गस’, म्हणजे प्लेटोच्या तत्त्वज्ञानातील सृष्टीचा कारागीर, असावा आणि नकलाकारांच्या हातून त्याचा ‘डेमोगॉर्गन’ झाला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. अनामिकाला नाव मिळाले, आणि तेही चुकीचे!

पण चुकलेल्या शब्दालाही वंश असतो. चौदाव्या शतकात बोकॅचिओने देवांची वंशावळ सिद्ध करताना या नावाला थेट सर्व देवांचा मूळपुरुष केले. त्याचा डेमोगॉर्गन पृथ्वीच्या पोटात राहतो. पुढे स्पेन्सरने त्याला अथांग विवरात बसवले. १६६७च्या ‘पॅराडाइज लॉस्ट’मध्ये मिल्टनने केऑसच्या दरबारात त्याचे केवळ नाव घेतले आणि तेवढ्यावरच भय साधले. १८२०च्या ‘प्रोमेथ्यूस अनबाउंड’मध्ये शेलीने तर जुलमी ज्युपिटरला सिंहासनावरून खेचण्याचे काम या निराकार अंधाराकडे सोपवले. प्रत्येक कवीने नाव घेतले. रूप मात्र धूसरच ठेवले.

खेळाला ही चैन परवडत नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला, आणि १९७६च्या ‘एल्ड्रिच विझर्ड्री’ या पुरवणीत डेमोगॉर्गन अवतरला. १९७७च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये त्याची उंची अठरा फूट आहे. दोन मुंडकी बबून माकडांसारखी, बाहूंच्या जागी शुंडके, आणि प्राणशक्तीचे गुण २००. ज्याच्याशी लढायचे, त्याचे मोजमाप हवेच. पुढच्या लेखकांनी दोन्ही मुंडक्यांना स्वतंत्र नावे देऊन त्यांच्यात वैर लावले. एकाच देहातील दोन इच्छांचा हा संघर्ष म्हणजे या दैत्याचा सर्वांत वाङ्मयीन विशेष होय.

पंथाची गरजही खेळाच्या रचनेतूनच येते. नवख्या खेळाडूची गाठ दैत्यराजाशी घालून दिली, तर खेळ क्षणात संपेल. म्हणून आधी भेटतात ते त्याचे पुजारी आणि पाकटासारखे दिसणारे दुष्ट जलचर. पंथ म्हणजे अनुपस्थित देवाची उपस्थिती. मिल्टनने जे केवळ नामोच्चाराने साधले, ते खेळ भक्तांकरवी साधतो.

१९८०च्या दशकात या कल्पित पंथाने अमेरिकेत खरे भय निर्माण केले. हा खेळ मुलांना सैतानपूजेकडे नेतो, असा आरोप पालक आणि धर्मसंघटना करू लागल्या. १९८९मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीतून ‘डेमन’ आणि ‘डेव्हिल’ हे शब्दच वगळण्यात आले, आणि लवकरच त्या जातींना नवी, घडवलेली नावे मिळाली. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत जुने शब्द परतले. २०१६मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेतील मुलांनी हेच नाव एका अनोळखी पशूला दिले. त्या पशूला एकच मुंडके होते, आणि चेहरा नव्हता. नाव तेवढे जुने.

आरोप करणाऱ्यांना भक्त दिसले. होते ते वाचक. टेबलाभोवती बसलेली मुले नियमपुस्तक वाचत होती, फासे टाकत होती आणि त्या दैत्याला हरवण्याचे बेत आखत होती. कथेतील श्रद्धा आणि कथा सांगणाऱ्याची श्रद्धा यांतला भेद पुसला गेला, की वाचनच गुन्हा ठरते. साहित्य शिकवणाऱ्यांनी हा भेद जपायला हवा. स्टेशियसच्या काव्यात नाव घेणे निषिद्ध होते. एकोणीस शतकांनी पुन्हा शब्दांवरच बंदी आली. मधल्या काळात या दैवताचे एकही देऊळ उभे राहिले नाही. त्याचा सारा संप्रदाय ग्रंथांतच होता.